पश्चिम बाजू, रांग बावीस, खुर्ची पाच आणि सहा

मी, आर्डिथ पर्व्हिस टॅकेट, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार डेल्बी, आर्कान्सा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्यावर दबाव आणून काही मिळवले असे या गावात कोणी सांगितले, तर ते खोटे समजावे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द. पहिले नवरा जिवंत असताना केले होते, दुसरे मुलाचा अभिमान वाटत असताना.

माझ्यामागे दोघे आहेत. मुलगी नोरीन आणि मुलगा क्लेटन, ज्याला सगळे क्ले म्हणतात.

एक. राहते घर नोरीनला. क्लेला त्याच्या टायरच्या दुकानासाठी वडिलांनी आधीच दिलेले आहे, त्यामुळे त्याने तोंड वाकडे करू नये. मागच्या अंगणातले पेकानचे झाड तोडायचे नाही. शेजारच्यांच्या पन्हळीत पाने पडतात, तर त्यांनी पन्हळ साफ करावी.

दोन. बँकेतल्या शिलकेतून आधी माझ्या दफनाचा खर्च भागवावा. उरेल त्यातले अर्धे नोरीनला, अर्धे मी जिथे भूमिती शिकवली त्या शाळेला. शाळेने त्यातून पुस्तके, कंपास आणि पट्ट्या घ्याव्यात. त्यातला एक डॉलरही खेळाकडे वळवू नये. तिकडे या गावाने पुरेसे ओतले आहे, आणि ओतणाऱ्यांत मीही होते.

तीन. मला जमिनीत पुरावे. हे ठळक लिहिते, कारण माझे यजमान व्हर्लिन यांची इच्छा वेगळी होती. आपली राख स्टेडियमच्या मैदानावर पसरावी असे त्यांनी लिहून ठेवले होते. आमच्याकडे बरेच जण असे लिहितात. क्लेने मध्यंतरात पॉपकॉर्नच्या पिशवीतून ते काम चोरून उरकले. दोन वर्षांनी कॉलेजने गवत उपटून प्लास्टिकचे अंथरले आणि जुन्या गवताचे चौकोनी तुकडे आठवण म्हणून चाहत्यांना विकले. व्हर्लिन आता निदान साठ जणांच्या अंगणात आहेत, आणि त्यांतला एक दंतवैद्य कॅल्डरचा, म्हणजे आमच्या हाडवैरी संघाचा, चाहता आहे. मी एका ठिकाणी राहू इच्छिते.

चार. खुर्च्या.

ज्या न्यायाधीशांपुढे हा कागद येईल ते इथले असतील तर त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

आमचे कॉलेज लोखंडकाम शिकवणारी शाळा म्हणून सुरू झाले, म्हणून आमच्या फुटबॉल संघाला लोहार म्हणतात. संघाने गुण मिळवला की पंचवीस हजार माणसे घरून आणलेल्या घोड्याच्या नालावर हातोडी मारतात. आमच्या फुटबॉलचा चेंडू लांबट असतो आणि तो हातात धरून पळायचा असतो. पायाने मारण्यासाठी एक वेगळा पोरगा असतो. तो अख्खा सामना कडेला उभा असतो आणि शेवटी त्याला बोलावतात. दोन उभ्या खांबांमधून चेंडू गेला तर संघ जिंकला, नाही गेला तर तो हरला. तो, संघ नाही.

पश्चिम बाजू, रांग बावीस, खुर्ची पाच आणि सहा या माझ्या वडिलांनी १९५३ साली घेतल्या. तेव्हा खुर्च्या नव्हत्या, पाइनच्या फळ्या होत्या, आणि पायमोज्यांत कुसळे शिरत. १९५९ साली आम्ही एकही सामना हरलो नाही. १९७४ साली एकही जिंकलो नाही. त्या वर्षी शेवटच्या सामन्यानंतर वडील म्हणाले, "चला, आता याहून वाईट काही व्हायचं नाही." पुढच्या मोसमात दुसऱ्याच सामन्याच्या आदल्या दिवशी प्रशिक्षक पळून गेला. मी त्या फळीवर अभ्यास केला, तिथेच व्हर्लिनने मला मागणी घातली, आणि क्ले सहा वर्षांचा असताना पंचाला पहिली शिवी त्याने तिथेच दिली. आजूबाजूचे हसले. मीही हसले.

सात नंबरच्या खुर्चीवर पंचवीसेक वर्षे ओपल डिझमुक बसत होत्या. त्या निवृत्त पोस्टमास्तर. शेजारच्या खुर्चीचे नाते विचित्र असते. वर्षातून सहा-सात शनिवार भेट. मला त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठाऊक, त्यांच्या बहिणीची दोन्ही लग्ने ठाऊक, त्या थर्मासात कॉफीच्या नावाखाली काय आणतात तेही ठाऊक. त्यांचे घर कुठे आहे ते ठाऊक नाही. क्लेने त्यांच्या हातचे 'पाय' नावाचे रताळ्याचे गोड पक्वान्न किती खाल्ले असेल याचा हिशेब नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा नातू एमरी आमच्या कॉलेजात आला. पायाने चेंडू मारणारा पोरगा तोच. पहिल्याच दिवशी त्यांनी क्लेला एका चिठ्ठीवर त्याचा फोन नंबर दिला.

"क्ले, त्याची गाडी माझ्याहून म्हातारी आहे. कुठं बंद पडली तर बघशील ना बाळा?"

"मिस ओपल, तुमचा नातू म्हणजे माझा पुतण्या. मध्यरात्री उठवलंत तरी येईन," क्ले म्हणाला.

गेल्या नोव्हेंबरात कॅल्डरविरुद्ध आम्ही एका गुणाने मागे होतो. काही सेकंद उरले होते. एमरीला बोलावले. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला. क्ले उभा राहिला आणि ओरडला, "अरे गाढवा! आजीच्या परसात जाऊन मार चेंडू!" पुढचे शब्द मी लिहिणार नाही. आजी हातभर अंतरावर बसली होती. मी क्लेला म्हटले, "खाली बस." मागच्यांना दिसत नव्हते म्हणून म्हटले.

सामन्यानंतर आम्ही नेहमीप्रमाणे वाहनतळावर गाडीची मागची फळी खाली पाडून जेवत होतो. क्ले एका हातात भाजलेली बरगडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर काहीतरी लिहीत होता. फोन तेलकट झाला होता. मी म्हटले, "आधी हात पूस."

तो एमरीचा नंबर हजारो लोहारभक्तांपुढे टाकत होता. खाली लिहिले होते, "आभार मानायचे असतील तर इथे माना."

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर नोरीनने मला ते दाखवले. मी तशीच दुकानात गेले.

"हा नंबर तुला कोणी दिला?"

"मिस ओपलनंच दिला होता."

"कशासाठी?"

क्ले टायरकडे बघत राहिला. "आई, चिडलो होतो गं. सगळेच काहीबाही टाकत होते. मी काढला नंतर."

"नंतर म्हणजे?"

"सकाळी."

तोवर लोकांनी काय काय लिहून पाठवले असेल ते मला सांगायला कोणी नको. त्यांच्यातल्या निम्म्यांना मी भूमितीबरोबर शुद्धलेखनही शिकवण्याचा प्रयत्न केलेला आहे. त्या आठवड्यात एमरी कॉलेज सोडून गेला. शेवटच्या सामन्याला खुर्ची सात रिकामी होती. मी पहिल्यांदाच नाल घरी ठेवून गेले होते, आणि तेवढ्यानेही मागच्या रांगेत कोणीतरी म्हणाले, "काय मिस आर्डिथ, सुतक आहे काय?"

उत्तर होय असे होते.

म्हणून खुर्ची पाच आणि सहा माझ्या पश्चात ओपल डिझमुक यांना. क्लेला त्यांच्यावर हक्क नाही. नियमाप्रमाणे खुर्च्या घरातच द्याव्या लागतात, पण कॉलेजच्या कचेरीत जो बसतो त्याला मी भूमितीत दोनदा नापास केले आहे. तो हो म्हणाला.

पाच. व्हर्लिनची मांस धुरावण्याची भट्टी नोरीनच्या नवऱ्याला. तिचे झाकण वाकडे आहे, त्याच्या स्वयंपाकाशी जुळेल. माझ्या भरल्या अंड्यांची कृती विल्मा नणंदेला देऊ नये. त्यात मोहरी किती ते ती तीस वर्षे विचारते आहे, आणि मी तीस वर्षे "अंदाजाने" म्हणते आहे.

सहा. रांग तेविसात छत्री उघडून बसणाऱ्या गृहस्थांना माझ्याकडून काही नाही.

इथवर लिहून झाले तेव्हा जुलै होता. कागद वकिलीणबाईंकडे देण्याआधी मिस ओपलना सांगावे असे वाटले. नोव्हेंबरपासून जुलैपर्यंत मी त्यांच्याकडे गेले नव्हते. कारण तब्येत नव्हे. तोंड नव्हते. पोस्टात पत्ता विचारला आणि पेअरच्या मुरंब्याची बरणी घेऊन गेले.

त्या ओसरीवर शेंगा सोलत होत्या. उठल्या नाहीत.

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आलात," त्या म्हणाल्या, "आणि बरणी घेऊन? माझ्या नातवाची किंमत मुरंबा?"

"नाही. मी माफी मागायला आले."

"क्ले कुठंय?"

"तो आला नाही."

"तुम्ही आणलं नाहीत, की तो आला नाही?"

"त्याला लाज वाटते."

"बरं आहे. फोन वाजला की माझा एमरी अजून तो उशीखाली सारतो. दोघं छान आहेत म्हणायचे." त्यांनी पाटी बाजूला केली. "पहिला निरोप त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवला, ठाऊक आहे? त्याला वाटलं कोणीतरी गंमत करतंय. दुसरा वाचला नाही त्यानं."

मी कलम चार वाचून दाखवले. सगळे, हात पुसण्यासकट. ऐकताना त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"माझे वडील लोहारांचा एक सामना चुकवायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "रेल्वेच्या भरावावर उभं राहून बघायचे. तुमच्या वडिलांनी त्या फळ्या घेतल्या ना, तेव्हा आम्हा काळ्या माणसांना फाटकातून आत घेत नव्हते. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती सात नंबरची खुर्ची घेतली. कोणी मला दिली नाही, मिस आर्डिथ. आणि आता तुम्ही मला देणार?"

मला भूमिती येते. तरी त्या फळीवरून तो भराव समोर दिसायचा, त्यावर माणसे उभी दिसायची, आणि ती तिथे का आहेत हा प्रश्न मी लहानपणी एकदा वडिलांना विचारला होता. "तिथून फुकट दिसतं," वडील म्हणाले होते. ते उत्तर मी इतकी वर्षे पुरवून वापरले.

"मग मी काय करू?" मी विचारले. हा प्रश्न मी सहसा कोणाला विचारत नाही.

"एमरीला पत्र लिहू नका. फोन तर नाहीच. तो त्याच्या मामाकडे आहे, धान्याच्या कोठारात कामाला जातो, आणि शनिवारी झोपतो." मग त्या म्हणाल्या, "यंदाचे पैसे मी भरलेत खुर्चीचे. पुढंही भरणार. येणार नाही, पण खुर्ची माझी. ती रिकामी राहील. तुमच्या पोराला द्या त्या दोन्ही, आणि शेजारी बसू दे."

मी त्यांना सही करणारे साक्षीदार हवेत असे सांगितले नव्हते. त्यांनीच विचारले. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, खरं ना?"

"नाही मिळत."

"मग मी येते सहीला. म्हणजे तुम्हाला पुन्हा काही सुचायला नको. बरणी घेऊन जा."

बरणी परत आणली. नोरीनने ती खाऊ नये, टाकूही नये. तशीच राहू द्यावी.

सात. सबब कलम चारमधले दान रद्द. ते कलम मी खोडलेले नाही. खोडून गुळगुळीत केलेली वही मी कधी तपासून घेतली नाही. चूक कुठे झाली ते दिसले पाहिजे. मुलांनी ते वाचावे, क्लेने मोठ्याने वाचावे.

आठ. खुर्ची पाच आणि सहा क्लेटनला. त्या विकू नयेत, बदलू नयेत, कोणाला बसायला देऊ नयेत. त्याने स्वतः सहावर बसावे, म्हणजे सात लगेच उजव्या हाताला येईल. सातवर कोट, छत्री किंवा खाण्याची पिशवी ठेवू नये. तिथे कोणी का बसत नाही असे विचारले, तर खरे सांगावे. चाहत्यांना गोष्टी आवडतात.

मी जिवंत आहे तोवर सहावर मी बसेन. मोसम पुढच्या शनिवारी सुरू होतो.

नऊ. वडिलांचा नाल क्लेला. हातोडी माझ्याबरोबर पुरावी.

वर लिहिलेले सर्व माझे आहे, शब्दही आणि कृत्यांतला माझा वाटाही. खाली सही करते.

आर्डिथ पर्व्हिस टॅकेट
डेल्बी, आर्कान्सा. २१ ऑगस्ट २०२५

साक्षीदार पहिला: मी, लॉयल बीम, औषधविक्रेता, डेल्बी. श्रीमती टॅकेट यांनी माझ्यासमोर सही केली. माझे दोन शब्द त्यांनी दुरुस्त केले, त्यावरून त्या शुद्धीत आहेत अशी खात्री आहे.

साक्षीदार दुसरी: मी, ओपल रूथ डिझमुक, निवृत्त पोस्टमास्तर. श्रीमती टॅकेट यांना मी शेजारच्या खुर्चीवरून ओळखते. हा कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बाई शुद्धीवर आहेत. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.