उलटी ओंबी

हॅझलकोट, ९ एप्रिल १९८४

ती. क्लिफर्डदादास म्यूरिअलचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. मनोऱ्यावरचं घड्याळ अजून दहा मिनिटं मागे आहे आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून अजून बस चुकवतो. कोपऱ्यावरच्या घोड्यांच्या दगडी डोणीत यंदा फुलझाडं लावलीत. आमच्या इतिहास मंडळाची पुस्तिका होत आली. त्यासाठी ‘व्हीटशीफ’ पबच्या दर्शनी भिंतीवरची एकूण एक टाईल मी मोजून वहीत उतरवली. आमच्या अध्यक्ष मिसेस विंगफील्ड म्हणाल्या, एवढ्या चिकाटीनं नवरा शोधला असता तर मिळाला असता.

खरी बातमी पुढेच. पब एका बिल्डरनं घेतल्यापासून बंद आहे. पण ईस्टरनंतरच्या मंगळवारी सरकारी निरीक्षक येणार आणि इमारत संरक्षित यादीत जाणार. मग कुणी विटेलाही हात लावू शकणार नाही. मी सगळं रीतसर केलं आहे. ऑक्टोबरात तू येशील तेव्हा बाबांची टाईल जागेवर असेल.

लोभ आहेच, तो मनोऱ्यावरच्या घड्याळासारखा मागे पडू नये ही विनंती.

तुझी म्यूरिअल

•

अ‍ॅडलेड, १८ एप्रिल

चि. म्यूरिअल हिस अनेक आशीर्वाद.

दारापासून तिसरी, खालून पाचवी, बरोबर ना? सगळ्या टाईल्सवर गव्हाची ओंबी वर तोंड करून आणि त्या एकीवर खाली. बाबा भिंतीला टाईल्स बसवत होते आणि शेजाऱ्यानं सायकलवरून येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं. त्या आनंदात हातातली टाईल उलटी बसली. मुकादम ओरडला, पण बाबांनी ती काढू दिली नाही. ती तुझी टाईल आहे, बाई.

आई गेली तेव्हा मला येता आलं नाही, बाबा गेले तेव्हाही नाही. त्यांच्या हातचं आता तेवढंच उरलंय. तेच बघायला येतोय. तुला बघायला नव्हे, उगाच फुगू नकोस.

क्लिफर्ड

•

हॅझलकोट, २५ एप्रिल

दादा,

मायना राहू दे. व्हीटशीफ पाडला.

ईस्टर सोमवारी आम्ही सगळे चर्चमागच्या उतारावर मुलांबरोबर ईस्टरची रंगवलेली अंडी घरंगळवत होतो. धडधड ऐकू आली. मला वाटलं, ढग गडगडले. धावत गेलो तर यंत्राचा जबडा बाबांच्या भिंतीत शिरलेला. सुट्टीमुळे नगरपालिकेत फोन उचलायला कुणी नाही. मुकादम म्हणाला, भिंत धोकादायक होती, मालकांचा हुकूम आहे. पोलीस आला, त्यानं दोरी बांधली आणि आम्हाला कृपया मागे सरकायला सांगितलं. आणि दादा, आम्ही सरकलो! साठ माणसं. एकानंही आवाज चढवला नाही.

टपाल निघायच्या आत लिहितेय. अक्षर समजून घे.

म्यूरिअल

•

अ‍ॅडलेड, ३ मे

चि. म्यूरिअल हिस आशीर्वाद.

पत्र वाचलं. दिवसभर तोंडात घास गेला नाही.

पण नेमका सोमवारच कसा? मंगळवारची तारीख तुमच्या मंडळाबाहेर कुणाला ठाऊक होती? तुमच्यातल्याच कुणीतरी सांगितली. त्या घरभेद्याचं नाव मला कळव. त्याला असं पत्र लिहीन की जन्मभर विसरणार नाही.

क्लिफर्ड

•

हॅझलकोट, १२ मे

ती. दादास सा. न.

नाव कळवते. मीच.

दुसऱ्याच्या मालकीच्या इमारतीसाठी त्याच्या पाठीमागे खटपट करायची आणि त्याला कळवायचंही नाही, हे मला बरं दिसेना. मी मालकांना दिवस कळवला, वेळ कळवली. निरीक्षकांना कपभर चहा मिळाला तर बरं होईल, हेसुद्धा लिहिलं.

आता पाच जूनला चौकशी आहे. मालक म्हणतात, यादीबिदीचं आम्हाला काही ठाऊकच नव्हतं. ते मानलं गेलं तर किरकोळ दंडावर सुटतील आणि तिथे फ्लॅट उभे राहतील. त्यांना ठाऊक होतं याचा पुरावा म्हणजे माझ्या पत्राची कार्बन प्रत. ती दाखवली तर पब कुणी घालवला ते गावाला कळेल. तीस वर्षं मी इथे ग्रंथपाल आहे, दादा. दोनदा ती प्रत घेऊन शेगडीसमोर उभी राहिले.

म्यूरिअल

•

अ‍ॅडलेड, २१ मे

चि. म्यूरिअल,

दोन दिवस तुझ्यावर इतका भडकलो होतो की लेखणी हातात धरवेना. मग आठवलं, बाबाही असेच होते. त्यांनी तर चहाची किटलीसुद्धा नेऊन दिली असती.

वाच. भर सभेत उभी राहून वाच.

क्लिफर्ड

•

हॅझलकोट, ७ जून

ती. दादास म्यूरिअलचा सा. न. वि. वि.

वाचलं. चहाच्या वाक्यासकट. सगळ्या माना अशा माझ्याकडे वळल्या की मला तिथेच गाडून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात मिसेस विंगफील्ड उठल्या. लालबुंद झाल्या होत्या. पर्समधून त्यांनी एक कागद काढला: मालकांना त्यांनीही लिहिलेल्या पत्राची प्रत, त्याच आठवड्यातली! मग आमच्या मंडळातलेच पाद्रीसाहेब उठले. त्यांनी तर स्वतः जाऊन हातात चिठ्ठी दिली होती. मंडळाच्या सहाजणांपैकी पाचजणांनी मालकांना सभ्यपणे कळवलं होतं आणि पाचही जण सहा आठवडे एकमेकांची नजर चुकवत होते. मालकांच्या वकिलानं चष्मा काढून खाली ठेवला.

हुकूम झाला: इमारत होती तशी पुन्हा उभारायची, माझ्या वहीबरहुकूम.

काल मी दोरी ओलांडून ढिगाऱ्यात शिरले. चार तास उपसलं. टाईल मिळाली, एक कोपरा उडालेली. तीच कशावरून म्हणशील, तर मागे बाबांनी खिळ्यानं कोरलंय: मुलगी झाली. म्हणजे चुकून नव्हतीच रे ती उलटी! ढिगाऱ्यात बसून मी मोठ्यानं रडले. मग पिशवीत कोबीखाली लपवून घरी आणली.

तिकीट पुढल्या वर्षाचं काढ. ती तूच बसवायची आहेस, उलटी. मालकांना या वेळी मी काहीही कळवलेलं नाही.

तुझी म्यूरिअल