पोळ्याच्या अमावास्येची नोंद

सर,

आज सकाळी तुमच्या विहिरी जगासमोर आल्या! तुमच्या अकराही वह्या विद्यापीठाच्या डेटा भांडारात प्रसिद्ध झाल्या, त्यांना कायमचा क्रमांक मिळाला. आता कोणीही, कुठूनही त्या फुकट उतरवून घ्याव्यात. पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं. ते पान मी सकाळपासून किती वेळा उघडलं, विचारू नका. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा वाटलं की तुमचं ऋण थोडंतरी फिटलं.

दर पौर्णिमा-अमावास्येला आपण अल्लीपूरच्या विहिरींवर जायचो. तारखा लोक विसरतात, तिथी विसरत नाहीत, असं तुमचं गणित. तुम्ही काठावर ओणवे होऊन लोखंडी नट बांधलेला टेप खाली सोडायचात, मी वहीत आकडा लिहायचे. एकदा पाणी पावणेचार मीटरवर होतं आणि मी सरळ चार लिहिलं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "काऊन वं, मधलं पंचवीस सेंटीमीटर पाणी तू पेली का?" मेंढ्यांना पाणी पाजायला आलेला मेंढपाळसुद्धा हसला. मी मात्र रडकुंडीला आले होते.

तरीही मी शहाणी झाले नाही. एका पोळ्याला तुम्ही तापाने पडला होतात, म्हणून उरलेली सात नंबरची विहीर मोजायला मला एकटीला पाठवलंत. मी गेलेच नाही. घरी पुरणपोळी खाल्ली आणि मागचा आकडा पाहून तिचा नवा आकडा अंदाजाने ठोकून दिला. तुम्ही विश्वासाने खाली सही केलीत. वह्या संगणकात उतरवताना ती सही पाहून माझे हात थांबले. फाईलसोबतच्या वर्णनात मी लिहिलं, 'ही नोंद प्रत्यक्ष मोजलेली नाही, वापरू नये.' कोणी केली, ते लिहिलं नाही. एवढा प्रामाणिकपणा पुरे, असं स्वतःला समजावलं.

दुपारी फोन वाजला. हिंगणघाटच्या कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक. "मॅडम, तुमची फाईल पाहून राह्यलो जी. सोनं हाय सोनं! आमच्या पोरायले प्रोजेक्टले देऊन टाकतो." मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. मग तो म्हणाला, "एक इचारू का? सर इतके काटेकोर, मंग पोळ्याची नोंद त्याइनं न मोजताच कशी लेहली?"

मी फोन ठेवला आणि लगेच दुरुस्तीला बसले. भांडारातली जुनी आवृत्ती पुसता येत नाही. नवी तिच्या शेजारी लागते आणि काय बदललं, ते सगळ्यांना दिसतं. दुसऱ्या आवृत्तीत मी लिहिलं, 'पोळ्याची नोंद दुसऱ्या लेखिकेने घरी बसून केली. पहिल्या लेखकांना ते ठाऊक नव्हतं.' बटण दाबताना कान तापले होते, पण आनंद कमी झाला नाही, उलट आता तो माझा वाटू लागला. हिंगणघाटची पोरं तुमचे आकडे वापरणार, सर! आणखी काय हवं!

हे पत्र कुठे धाडायचं, ते मला माहीत नाही. पण एक गोष्ट दुसऱ्या आवृत्तीतही आलेली नाही. त्या प्राध्यापकाने विचारलं, तेव्हा मी म्हटलं होतं, "होतं हो, माणूस आहे, चुकतो कधीकधी." त्याला मी अजून परत फोन केलेला नाही.