गावाने माझ्यासाठी सूप सोडलं

११ मार्च
झालं! सकाळी सातलाच भोंगा सुरू. सरपंच ग्वाक-काका घसा खाकरून — "दालसूची पोलीसभरतीची परीक्षा येत्या शनिवारी. तिसरी खेप. तोवर गावात कुणी शेवाळाचं सूप करू नये. निसरडं असतं, पोरगं घसरेल!" मग जरा थांबून, "होंग आजी, तुमची बकरी माझ्या मुळ्यात शिरलीय."

माझी तिसरी खेप! हे अख्ख्या बेटाला ऐकवायलाच हवं होतं? आणि गाव जगतं कशावर, तर समुद्रातून काढलेल्या शेवाळावर. दारोदार वाळत टाकलेलं असतं.

१३ मार्च
आईची पंचाईत झालीय. शनिवारीच माझा वाढदिवस. वाढदिवसाला शेवाळाचं सूप नाही म्हणजे पोरगं जन्मलंच नाही, असं तिचं मत. परीक्षेला प्यालं की नापास, हेही तिचंच मत. आळीतल्या बायका दुपारभर आमच्या अंगणात वाद घालत होत्या. शेवटी ठरलं — वाढदिवसच पुढे ढकलायचा! मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

सगळ्यांना माझी मजा वाटते. नोकरी लागू दे, या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही.

१४ मार्च
होंग आजीने तांदळाची चिकट मिठाई आणली. खाल्ली की माणूस पास होऊन नोकरीला चिकटतो म्हणे. मला आग्रह करता करता स्वतःही खाल्ली. चिकटली ती तिची कवळी.

१६ मार्च
बोटीने मोकपो शहरात. परीक्षेआधी केंद्रासमोरच्या खानावळीत मुद्दाम शेवाळाचं सूप मागवलं. मालकीण म्हणाली, "परीक्षेला आलायस ना रे?" म्हटलं, "छे, खलाशी आहे." दोन वाट्या प्यालो! वाढदिवस माझा, पोट माझं. पेपर बरा गेला. कायद्याचा सोडून.

२२ मार्च
नापास.

आईला सांगितलं. ती भांडी घासत राहिली. अर्ध्या तासात भोंगा — "दालसूला निकालाचं कुणी काही विचारू नये." म्हणजे कळलं सगळ्यांना!

२३ मार्च
सकाळीच होंग आजी दारात. डोळे पुसत म्हणाली, "माझंच चुकलं रे बाळा. बुधवारी राहवलं नाही. दार लावून अर्धी वाटी प्याले." पाठोपाठ शेजारचे पांग-काका — "नाही आजी, दोष आमचा. सून बाळंतीण, तिला सूप देणं भागच होतं. खिडक्या लावल्या होत्या, पण वास गेलाच असणार." शेवटी खुद्द सरपंच, टोपी हातात. "गुरुवारी माझी सत्तरी होती. बायकोने गुपचूप केलं... एकच घोट घेतला, शपथ!"

मग जुंपली! माझ्या नापास होण्याचा मान कुणाचा, यावर. आई सगळ्यांना जवाचं पाणी देत होती, तीही मधेच म्हणाली, "मी त्याच्या वाढदिवसाची तारीख बदलली, तेच नडलं."

मी कोपऱ्यात बसून होतो. हसू येत होतं. ही माणसं माझी टर उडवतात असं समजत होतो मी. खरं सांगायला तोंड उघडलं, पण आईने दिलेलं जवाचं पाणीच पिऊन टाकलं.

२४ मार्च
सरपंचांकडून माइक मागून घेतला. सांगून टाकलं — सूप मी प्यालो. दोन वाट्या! मग खालच्या आळीतून होंग आजी किंचाळली, "मेल्या! आणि आम्ही जीव मारून राहिलो!"

पुढची परीक्षा ऑगस्टात. गावाने सूप आजपासूनच बंद केलंय. मीसुद्धा.