चुन्याखालची रेघ

वैशाख शुद्ध षष्ठी, संध्याकाळ

मी मूर्ख आहे, दुसरं काय! घाटाकडच्या खालच्या खोलीची दुरुस्ती करायची आहे. गंगेच्या इतक्या जवळ नवं बांधायला बंदी, दुरुस्तीला तेवढी परवानगी मिळते, आणि तिच्या कर्जासाठी बँकेला पुराचा विमा हवा. आज विम्याचा माणूस घर बघायला येणार होता, म्हणून काल मी भिंतीला चुना फासला. कशासाठी? तर गेरूची रेघ झाकायला. पाणी घरात शिरलं की माझी आई गंगेची ओटी भरते, आणि पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं होतं तिथे रेघ ओढते. ती छातीएवढी उंच रेघ बघून तो विमा नाकारेल, ही मला धास्ती.

त्याने विचारलं, "पानी कहाँ तक आया था?"

मी गुडघा दाखवला. आईने ओलं फडकं आणलं आणि माझ्यादेखत चुना पुसून काढला. रेघ तशीच्या तशी!

मला वाटलं, संपलं. तर तो हसला. "यही तो चाहिए, भाईसाहब. बिजली का बोर्ड इससे ऊपर लगवाइए, बीमा हो जाएगा." टेपने रेघेची उंची मोजली. मग फॉर्मवर पुराव्याच्या रकान्याशी थबकला. "यह लकीर किसने खींची?"

"मैंने," आई म्हणाली.

त्याने तिचं नाव विचारून तिथे लिहिलं. या घराच्या एकाही कागदावर आजवर आईचं नाव नव्हतं.