खंडेनवमीची सुई

प्रिय अक्का,

दसरा होऊन गेला तरी आपले अण्णा माझ्याशी, पोटच्या पोरीशी, बोलत नाहीत. ताट वाढलं की मुकाट जेवतात, पाणी हवं असलं तर तुझ्या नंदाकडे मागतात. हे सगळं तुझ्यावरून झालंय, म्हणून म्हटलं तुलाच लिहावं. खरं सांगू? माझा तुझ्यावरही राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावणार आहे.

तुला दिलेला शब्द मी मोडला. डॉक्टरमामांना सगळं सांगितलं.

ती नवमी आठवते तुला? आपल्या बळेपेटेच्या गल्ल्यांत त्या दिवशी हत्याराला हात लावायची कुणाची छाती! सुताराच्या रंध्यापासून कोपऱ्यावरच्या घोड्याच्या जटक्याच्या चाकांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, दारोदारी कुंकू भरून फोडलेले कोहळे आणि पोरांच्या हातात कडलेपुरीचे चुरमुरे-डाळं. मामांचा दवाखानाही तसाच सजलेला. रोग्यांच्या बाकावर लाल कापड, त्यावर देवीची तसबीर आणि तिच्यापुढे छातीची नळी, चिमटे, कात्र्या, काचेच्या सिरिंजा, सुया, त्या उकळायचं भांडं आणि पितळेचा स्टोव्हसुद्धा. प्रत्येकाला हळद, त्यावर कुंकू, वर शेवंतीचं फूल. दुसऱ्या दिवशी पूजा उतरवेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. मामा आपल्या नात्याचे नव्हते, पण आपल्या दोघींच्या जन्माला तेच होते आणि आईच्या शेवटच्या आजारातही तेच. घरचे डॉक्टर म्हणजे घरचेच.

नेमका त्याच दिवशी तुझा दमा उसळला. घरोघर धुपाचा धूर, तो कसा सोसणार तुला! जटकाही पूजेत, म्हणून अण्णांनी तुला धरून चालवत नेलं. तान्ही नंदा माझ्या कडेवर होती. मामा क्षणभर देवीकडे बघत राहिले, मग हात जोडून त्यांनी पूजेतली सिरिंज उचलली. स्टोव्ह मात्र पेटवला नाही. पूजेतल्या स्टोव्हला विस्तव दाखवायचा नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं सुई पुसली आणि तुला टोचली.

आणि तुझी धाप बसली की! अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी रोग्यासाठी पूजा मोडली, देवमाणूस आहे, हेच मग गल्लीभर झालं.

मामा दसऱ्यानंतर तिरुपतीला गेले आणि इकडे तुझा दंड सुजला. लाल झाला, दगडासारखा कडक झाला. आम्ही पोटिसं बांधत बसलो. थंडी वाजून ताप चढायला लागला तेव्हा तुला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या सर्जननं दंड बघितला आणि अण्णांना एकच विचारलं, सुई उकळली होती का? अण्णा म्हणाले, उकळली होती, आमचे डॉक्टर तसले नाहीत. किती पटकन म्हणाले, अक्का! घराण्याची अब्रू जावी तसे म्हणाले.

अण्णांचं एक सोड. तुझं काय? संध्याकाळी मी तुझ्या उशाशी बसले होते, तेव्हा तू हळूच म्हणालीस, "सुईच्या मुळाशी पिवळं दिसत होतं ग, सुधी."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्यासाठी पूजेवर हात टाकला त्यांनी. वर आणि सुई उकळा म्हणून सांगायचं? तूही कधी बोलू नकोस. माझी शपथ आहे."

सरी, बरं, म्हटलं मी. परकरी वयाची पोर, दुसरं काय म्हणणार? पण तू! नळावर कुणाला घागर पुढे सरकवू न देणारी तू! एवढ्याशा हळदीपुढे तुझी वाचा बसली? नुसतं बोट दाखवलं असतंस तरी झालं असतं. पू भरला, विष रक्तात गेलं आणि तू गेलीस. मामा तिरुपतीहून आले तेव्हा तुझे दिवस उरकले होते. दमा वाढला आणि गेली, असं अण्णांनी त्यांना सांगितलं. मग सगळ्यांनाच तसं सांगितलं. नंदा विचारायच्या वयाची झाली, तेव्हा तिलाही.

नंदा आता हायस्कुलात आहे. नाक तुझं, वेणीही तुझी, आणि दमाही तुझाच उचललाय तिनं. मला मावशी न म्हणता चिक्की म्हणते; धाप लागली की माझा हात धरून दर वेळी तेच विचारते, "चिक्की, आईला असंच झालं होतं?" मी मान हलवते. गेली कित्येक वर्षं ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. आडवं झालं की आईसारखं होईल, असं तिच्या मनानं घेतलंय.

यंदा नवमीलाच तिला धाप लागली. तोच बाक, तेच लाल कापड. मामा आता थकलेत. त्यांनी देवीला हात जोडले, सिरिंज उचलली आणि स्पिरिटची बाटली ओढली. हळद सुईच्या मुळाशीच होती, अक्का. मी पाहिली.

म्हटलं, "मामा, उकळून घ्या."

"स्टोव्हला कुंकू लावलंय ग. पुसतो की चांगली. स्वल्प थांब, झालंच."

अण्णांनी माझा दंड धरला. "सुधा, गप्प बस."

"अक्काची सुईही अशीच पुसली होती, मामा," मी म्हटलं. "तिचा दंड पिकला आणि त्यात ती गेली. दम्यानं नाही गेली."

मामांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाली बघत होते. मामांनी मग स्वतःच स्टोव्हवरचं फूल काढलं आणि काडी ओढली. कुंकू करपल्याचा वास सुटला.

पाणी उकळायला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. नंदाचे ओठ निळे पडत चालले होते, गळ्याशी खड्डा पडत होता. तेवढ्यात काही झालं असतं तर माझ्या हट्टानं तुझी पोर गेली असती! पण मी शब्द मागे घेतला नाही. पाणी खळखळलं, तरी मामा सुई लगेच काढेनात. वेळ भरल्यावर काढली आणि टोचली. हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला.

मामा खुर्चीत बसले. म्हणाले, "दर नवमीला कुणी ना कुणी येतंच ग. मी दरवर्षी हेच करत आलो. मला त्याचा अभिमान होता."

किती दंड सुजले असतील, अक्का? किती जण तुझ्यासारखेच भिडेपोटी गप्प राहिले असतील? तुझ्या शपथेनं मामांचं नाव राहिलं, अण्णांच्या खोट्यानं त्यांची अब्रू राहिली, पण पुढच्या नवमीला बाकावर येणाऱ्या माणसाचा विचार कुणीच केला नाही. तूही नाहीस. माझा राग आहे तो याचा.

दवाखान्याला तेव्हापासून कुलूप आहे. देवमाणसाला म्हातारपणी घायाळ केलंस, असं गल्ली मला म्हणते. म्हणू दे. मामांच्या दारावरून जाताना मलाही रडू येतं.

पण त्या खुर्चीत मामा बसोत की दुसरं कुणी, यापुढे नवमीला एक स्टोव्ह, एक भांडं आणि एक सिरिंज पूजेबाहेर राहील. सकाळीच जाऊन मी ते बघून येईन. देवी रागावणार नाही. रागावली तर माझ्यावर रागावू दे.

आणखी एक. दवाखान्यात मी जे बोलले ते नंदानं ऐकलं की नाही, कळत नाही. तिनं विचारलेलं नाही. काल रात्रीही ती भिंतीला टेकूनच झोपली होती. आज सुट्टी संपून शाळा उघडलीय. ती घरी आली की अण्णांच्या देखत तिला जवळ बसवणार आहे आणि सांगणार आहे, की तुझी आई दम्यानं गेली नाही, त्या दिवशी तिचा श्वास परत आला होता. मग तिचं अंथरूण मी स्वतः घालीन, भिंतीपासून लांब.

तुझी,
सुधी