दोन इंच कमी

सक्करदरा, नागपूर
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

लाडाची नात सोनिका हिले,

आजीचा तुह्या डोक्यावर हात. इकडं सारे बरे आहेत. तुही आई उरलेल्या भाजणीच्या चकल्या तळून राहिली. डबा तीच आणून देईल, त्याच्यातच ही चिठ्ठी. आधी चकली खा, मंग वाच. अक्षराले हसू नको. फोनवरच बोलली असती, पण तू माहा फोन उचलत नाहीस. अन् उचलला असता तरी हे तोंडातून निघालं नसतं.

दिवाळीले तू आली नाहीस. शेजारच्या शोभाताईनं विचारलं, पोट्टी कुठं गेली वं? म्हटलं, मिहानमंधल्या कंपनीत सुट्टी नाही भेटली. खोटंच. अजून एक.

खुशीची गोष्ट आधी सांगते. बुधवारी मी एकटी ऑटोनं तुह्या डॉक्टरणीकडं गेली! नंबर लावला. ती म्हणे, "आजी, तुम्हाला काय होतंय?" म्हटलं, "मले काही नाही जी. नातीच्या छातीच्या ऑपरेशनचं समजून घ्यायचं आहे. त्या दिवशी मी कान बंद करून बसली होती."

"मग आज उघडे ठेवा," म्हणे, अन् कागदावर चित्र काढून दाखवलं. सोनू, मले इतकं मस्त समजलं! अवं, हे तर माहंच काम! आपण ब्लाऊजले टक्स मारून जास्तीचं कापड आत घेतो ना, तसंच. कमी करायचं असलं तर बोंडाभोवती गोल अन् खाली एक उभा काप. जास्त असलं तर खालच्या घडीतून आडवाही. काहीजणींचं नुसती चरबी नळीनं ओढूनही भागते, पण अंग ओघळलं असलं तर ते कामाचं नाही. म्हटलं, "बरोबर आहे बाई, उशीतला कापूस काढला तर खोळ लोंबतेच." अशी हसली ती, बाहेरची नर्स डोकावून गेली.

वाईटही सांगितलं तिनं, लपवलं नाही. वण फिके होतात, जात नाहीत. तिथली जाणीव कमी होऊ शकते. पुढं लेकराले दूध कोणाले पाजता येते, कोणाले पुरत नाही. महिना-दीड महिना वजन उचलायचं नाही. अन् म्हणे, कापायची घाई कोणालेच नाही. आधी पाठीचा व्यायाम, बरोबर मापाची ब्रा. "पण तिनं वर्षभर ते सगळं केलंय, आजी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

बरोबर माप म्हटल्यावर माही मान खाली गेली.

आता लिहितेच. चाळीस वर्षं मी शिवून राहिली. माह्या वहीत साऱ्या मोहल्ल्याचं माप बरोबर आहे. एकटीचं चुकीचं, तुहं. आठवीपासून तुहे कुर्ते, आतल्या बंड्या, सारं मी दोन इंच कमी धरून शिवलं. मुद्दाम. घट्ट ठेवलं तर वाढणार नाही, लोकांच्या नजरेत येणार नाही, असं माह्या डोक्यात. तू म्हणे, "आजी, श्वास अडकते." मी म्हणे, "सवय होईल." अन् रविवारी न्हायच्या आधी तुह्या खांद्यावरच्या खाचांत तेल कोण चोळे? मीच.

अन् तरी त्या दिवशी तुह्यासमोर डॉक्टरणीनं विचारलं, "दुखतं म्हणून घरी कधी सांगितलं होतं का हिनं?" तर मी काय बोलली? "कधीच नाही जी. कामाचा कंटाळा आहे तिले." तू उठून गेलीस. एका पायात चप्पल, दुसरी हातात. तुह्या बापानंही माहंच ऐकलं, म्हणे काही ऑपरेशन नाही. तू मैत्रिणीच्या खोलीवर गेलीस ती गेलीस.

काहून बोलली ते ऐक. साऱ्यांले सांगते ना मी, सहावी नापास? मी नापास नव्हती वं. सहामाहीत दुसरा नंबर होता. त्याच वर्षी माही छाती भरली. पोट्ट्यांनी फळ्यावर माहं चित्र काढलं. गुरुजींनी पुसलं, पण पुसायच्या आधी हसले. आईनं जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधली, तरी दिसे. मंग घरीच बसवलं. तवापासून वाटे, माहंच काही चुकलं. तेच मी तुह्या बंडीत शिवलं. माह्याही खांद्यावर त्याच खाचा आहेत, सोनू. पदराखाली कोणी पाहिल्या नाहीत. डॉक्टरणीलेही दाखवल्या नाहीत. लाज वाटली. आता तुह्यापुढं बसायचीच लाज वाटते.

काल जेवतानी तुह्या बापाले सांगितलं, "मी डॉक्टरणीपुढं खोटं बोलली. पोरीची पाठ अन् खांदे आठवीपासून दुखतात, मले माहीत होतं."

"आई, जेवतानी कायले हे?" म्हणे. मंग नुसता भात चिवडत बसला. तुही आई डोळे पुसत वरण वाढून राहिली. हात धुतल्यावर तुहा बाप म्हणे, "तिले लिही, दवाखान्यात जायचं असंन तर मी गाडी घेऊन येतो."

करायचं का नाही, ते तू ठरव. केलंस तर मी तुह्या खाटेजवळ बसीन, अन् विचारलं तर खरं सांगीन. नाही केलंस तर सारे कपडे उसवून नव्यानं शिवीन.

वहीतलं तुहं पान फाडलं नाही. आकडे तेवढे खोडले, जागा रिकामी ठेवली. ये एकदा. टेप तू धर, आकडा तू वाच. मी फक्त लिहीन.

तुही आजी
जयवंता,
सहावीत दुसरा नंबर