दुरुस्तीआधीची नोंद

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी गप्प बसते. म्हणून लिहिते आहे.

मध्यस्थीची बैठक पंचवीसला आहे म्हणालीस. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंचा घटस्फोट याच वाटेनं झाला. त्यांना चहाच्या सुट्टीत सगळं विचारून घेतलं. मध्यस्थ बाई म्हणजे न्यायाधीश नव्हे. कोण चुकलं हे ती सांगणार नाही. ठरवायचं तुम्ही दोघांनीच, ती फक्त बोलणं भरकटू देणार नाही. भावोजींसमोर बोलवेना झालं तर वेगळी खोली माग. आणि कितीही थकलीस तरी त्याच दिवशी सही करू नकोस. मसुदा आधी वकीलबाईंना दाखव.

तुला छोटी हवी आहे. भावोजींनाही तीच हवी आहे, आणि पूर्णवेळ. तेव्हा तयारी लागेल. आमच्याकडे वजनकाटा तपासायला आला की त्याला हात लावण्याआधी तो जसा आहे तसा काय दाखवतो, ते लिहून ठेवतात. दुरुस्ती नंतर. अजून तुम्ही एकाच घरात आहात, तर तूही तसंच कर. दोन आठवडे छोटीला कोण उठवतं, कोण भरवतं, कोण शाळेत सोडतं, ते लिही. असायला हवं ते नव्हे, असतं ते.

आई म्हणते, घरची धुणी परक्या बाईसमोर कशाला. मी म्हटलं, धुणी नाहीत, तुझी नात आहे.

लोभ आहे, असं धरून चालते.
धाकटी


१९ जून

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

कागदाची नक्कल सोबत आहे. आधी बस, मग वाच.

माझ्या दुपारपाळ्या तुला ठाऊक आहेत. मी वॉर्डातून येते तेव्हा छोटी झोपलेली असते. चौदापैकी नऊ संध्याकाळी तिला त्यानं जेवू घातलं. वेणी तोच घालतो, आणि मेला माझ्यापेक्षा सरळ घालतो! मंगळवारी पोहायला तोच नेतो. तो तलाव नेमका कुठे आहे हे मला परवा छोटीनं सांगितलं. पंधरा वर्षं मी पेशंटांच्या तक्त्यावर ताप लिहिते आहे, हात कधी अडखळला नाही. हे लिहिताना अडखळला.

आईला यातलं काही बोलू नकोस. जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
ताई


२१ जून

ती. ताईस, सा. न.

घाईत लिहिते. तो कागद नेऊ नकोस. या दोन आठवड्यांत तुझ्या दुपारपाळ्या जास्त आल्या, म्हणजे नमुनाच चुकीचा आहे. मागच्या महिन्यातल्या सकाळपाळ्यांचे दिवस निवडून नवा लिही. हा नेलास तर स्वतःच्या हातानं छोटी त्यांना देऊन येशील. मी काय सांगते आहे ते मला कळतं आहे. तरी सांगते.

धाकटी


२६ जून

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वेळेत मिळालं. तरी तोच कागद नेला.

लहानशी खोली, गोल टेबल, पाण्याचा जग. मध्यस्थ बाई आईच्या वयाच्या. तो तीन टाइप केलेली पानं घेऊन आला होता. वरची ओळ मला उलटी वाचता आली, आई घरी नसते अशी. त्यानं तोंड उघडायच्या आत मी माझा कागद पुढे सरकवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, की हे मीच लिहिलं का. हो म्हटलं.

मग बाईंनी दोघांना विचारलं, की दुसऱ्यावाचून छोटीचं काय अडेल. त्यानं मान खाली घालून सांगितलं, की ताप आला की ती त्याला जवळ येऊ देत नाही, आईच लागते. आणि ती तीन पानं त्यानं बॅगेत ठेवली. मला रडू आवरेना. तू म्हणाली होतीस तशी वेगळी खोली मागितली. दहा मिनिटांनी परत आले.

ठरलं ते असं: माझ्या दुपारपाळीला छोटी त्याच्याकडे, बाकी दिवस माझ्याकडे. मंगळवार मात्र त्याचाच, मला सुट्टी असली तरी. आजारी पडली तर माझ्याकडे. तीन महिन्यांनी पुन्हा बसायचं. सही केलेली नाही, मसुदा वकीलबाईंकडे आहे, नक्कल सोबत.

तुझ्या पत्राचा राग नाही आला. तुला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुझी,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मसुदा वाचला. पाळी आयत्या वेळी बदलली तर कोणी कोणाला किती आधी कळवायचं, ते त्यात नाही. तेवढं घालून घे.

नोकरीत माझ्या हातून एकही आकडा बदललेला नाही, याची मला घमेंड होती. पण त्यातला एकही आकडा माझ्या स्वतःच्या विरुद्ध जाणारा नव्हता. तुझे नऊच्या नऊ तसे होते, आणि तू ते लिहिलेस, नेलेस, टेबलावर ठेवलेस. मला हे जमलं नसतं. इतकं स्पष्ट मी तुला आधी कधी लिहिलं नसेल, म्हणून लिहिते.

येत्या मंगळवारी तुला सुट्टी आहे आणि छोटी पहिल्यांदाच नव्या घरी, भावोजींकडे झोपेल. मी येते आहे. आल्यावर काय बोलायचं, ते काहीच ठरवलेलं नाही.

लोभ आहेच; वाढला तर माझी हरकत नाही.
धाकटी